रानडुकराचं शेवटचं प्रूफ

ता. ४ जानेवारी

प्रिय मंडळी यांस,
स. न. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. बबडीचे पाय सुजलेत हे वाचून काळजी वाटली; पण लेकीच्या उशाशी आई आहे म्हटल्यावर बापाने काळजी करून काय दिवे लावायचे? बाळंतपण नीट पार पडेपर्यंत तिथून हलू नकोस. इकडे मी सुखात आहे. शर्टाची दोन बटणं तुटली, ती वरच्या मजल्यावरून चिंगी येऊन लावून गेली आणि त्यासाठी दीड तास बसली. माझी बहीण टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली, पण तिची लाइन काही अजून बंद झालेली नाही.

आता मुख्य बातमी. ३१ तारखेला माझा छापखान्यातला शेवटचा दिवस. निरोपाला काय करायचं, असं मालकांनी विचारलं. मी म्हटलं, भाषणं नकोत, मीच सगळ्यांना जेवायला घालतो. दर हिवाळ्यासारखं रानडुक्कर. हे ऐकताच मशीनमनने मशीन थांबवलं आणि अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातातले शिशाचे खिळे खाली सांडले. बावीस माणसं येणार. मालक कधी आपल्या घरी जेवले नाहीत, तेही येतो म्हणाले.

खरं सांगू? मुद्रितशोधकाचं काम मोठं विचित्र. चूक राहिली तर माझं नाव निघतं, नाही राहिली तर मी तिथे होतो हेही कोणाला आठवत नाही. एकतीस वर्षं अशी गेली. वर्षातून एकदा पातेल्याचं झाकण उघडतो, तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. पाळीव डुकराचं मांस म्हणजे सभ्य पाहुणा, बसा म्हटलं की बसतो. रानडुक्कर ताटात आलं तरी आपलं रान सोडत नाही. आधी मुळ्यांचा कडवटपणा, मग भाजलेल्या बदामाची चव, आणि घास गिळून झाला तरी जिभेवर ओल्या मातीचा ओझरता गंध.

तू काही काळजी करू नकोस. व्हिनेगर, कांदा आणि काळ्या मिरीत एक दिवस मुरवायचं, मग त्याच्याच चरबीत परतून, झाकणाला कणकेची पट्टी लावून मंद विस्तवावर चार तास ठेवायचं. सगळं मला पाठ आहे. आणि हो, ते मांजर या वर्षी अजून फिरकलेलं नाही.

पत्रं आणि माया दोन्ही वेळेवर पाठवत जावं, एवढीच विनंती.

तुझा,
मुद्रितशोधक


ता. ८ जानेवारी

ती. स्व. मुद्रितशोधक यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना मी दुपटं शिवत होते. बावीस माणसं या शब्दापाशी सुई बोटात गेली. अहो, मी घरात नसताना एवढा घाट कशाला घातलात? मी आल्यावर महिन्याभराने जेवायला बोलावलं तर छापखाना काही पळून जाणार नाही. अगदीच तारीख चुकवायची नसेल तर कोंबडी करा. कोंबडीने तुमचं काय घोडं मारलंय? मालकांना पहिल्यांदा बोलावताना साधं, घरगुती असलेलं बरं.

तरीही रानडुक्करच करायचं असेल तर मादीचं मांस घ्या. पण मादी आहे का असं शिकाऱ्याला विचारू नका. त्याने मारलेली सगळी डुकरं माद्याच असतात. मांस हाडापाशी जरासुद्धा गुलाबी राहता कामा नये. आणि घाईने काही कापू नका. मांस आलं की एक दिवस थांबा, वन्संना दाखवा.

बबडीची तब्येत ठीक आहे. जावईबापू मला घाबरून भांडी घासतात. तब्येतीला जपा, मांजराकडे लक्ष असू द्या, आणि माझ्यावरचा लोभ त्या पातेल्यात आटू देऊ नका.

तुमची,
मंडळी


ता. ८ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाका. आत लिहिलंय ते कोणाला सांगू नका. निदान ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तरी नका.

रानडुकराचा नर हिवाळ्यात माजावर आला की त्याच्या चरबीला एक वास धरतो. कोंदट न्हाणीघरात आठवडाभर पडलेला ओला टॉवेल, आणि तो टॉवेल मुतारीत वाळवलेला, असा काहीसा. गार मांसात तो कळत नाही, चरबी तापली की उठतो. आणि गंमत अशी की काही माणसांना तो भयंकर येतो, काहींना जन्मात येत नाही. तुमच्या दादाला येत नाही. बाकी नाक तिखट आहे हो. दूध नासायच्या आधी त्यांना कळतं. हा एकच वास तेवढा त्यांना नाही.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी सहा मित्रांना जेवायला बोलावलं होतं. एकाचा दात दुखायला लागला, एकाला अचानक कामाची आठवण झाली, बाकीचे रुमालात खोकत राहिले. हे मात्र दोनदा वाढून घेऊन सगळ्यांना आग्रह करत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. तेव्हापासून दर वर्षी मांस आलं की मी पळीत चरबीचा तुकडा घेऊन खिडकीपाशी तापवते. वास आला तर मांस जून आहे म्हणून परत पाठवते. चार वेळा तेही जमलं नाही, तेव्हा मांजराने पळवलं म्हणून सांगितलं.

या माणसाचं सगळ्या छापखान्यात एका पातेल्यापुरतं नाव आहे. ते शेवटच्या दिवशी, मालकांच्या देखत जायला नको. म्हणून हात जोडते, यंदा ती पळी तुम्ही हुंगा. वास आला तर काहीही थाप मारा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

लोभ आहेच, तो या गुपिताइतका घट्ट धरून ठेवावा.

तुमची,
वहिनी


ता. १३ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, फाडलं, मग एक मुद्दा विसरले म्हणून तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. गुपित अजून माझ्या पोटात आहे. पोटात दुखतंय, पण आहे.

शिकाऱ्याने नमुन्याचा तुकडा पाठवला तो दिवस सांगते. दादा कामावर गेल्यावर मी पळी तापवली. अगं वहिनी, काय तो घमघमाट! मी तर उरलेली चरबी पावाला लावून खाल्ली. एवढ्यात खालचा शिंपी आपला शिवायला दिलेला पडदा घेऊन आला. दारातच थबकला, तोच पडदा नाकाला लावला आणि म्हणाला की वहिनी गावाला गेल्यात म्हणून तुंबलेली मोरी अशीच ठेवायची का. मी म्हटलं मोरी अगदी स्वच्छ आहे. तेवढं ऐकायलाही तो थांबला नाही. जिन्यावरून त्याची एक चप्पल खाली गेली, मागून तो गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनी, नाकाची जोखीम सोपवायला तुला त्याचीच सख्खी बहीण सापडली होय? आम्ही दोघं एकाच आईची लेकरं, आणि आई तर दादाच्या पहिल्या पातेल्यातलं बोटं चाटत जेवली होती, हे तुलाच आठवायला हवं होतं. शिंप्याला पुन्हा बोलवावं म्हटलं तर तो मशीनमनचा साडू. सकाळी पळी हुंगेल आणि दुपारी छापखान्यात डंका पिटेल.

पण खरी काळजी वेगळीच आहे. तो नमुना दादाने परत पाठवला; म्हणे फार चरबी. दुसरा आला, तोही परत. म्हणे फार रोड. तिसऱ्याला तर दोष सापडेना, तरी हो म्हणेना. शिकारी वैतागलाय. तिन्ही जनावरं त्याने बर्फाच्या कोठारात टांगलीत आणि २८ तारखेपर्यंत एक ठरवा म्हणून बजावलंय. दादा कामावरून येतो, रिकाम्या पातेल्यासमोर बसतो आणि खिडकीकडे बघत राहतो. मी एवढी बडबड करते, पण माझ्यावर खेकसतसुद्धा नाही. म्हणून जास्त भीती वाटते.

काहीतरी सुचव, आणि तुझ्या या बिननाकाच्या नणंदेवर माया कमी करू नकोस.

तुझी,
वन्सं


ता. १९ जानेवारी

प्रिय मंडळी यांस,
स. न. वि. वि.

जावईबापूंचा फोन छापखान्यात आला आणि मी हातातल्या लग्नपत्रिकेवर वधूच्या जागी 'नात झाली' असं लिहून बसलो. जुळाऱ्याने वेळेवर पाहिलं म्हणून बरं. बबडी सुखरूप आहे, बाळ गुटगुटीत आहे, आणि नाक आजीचं आहे असं कळलं. ते नाकाचं ऐकून मला विशेष बरं वाटलं. का, ते पुढे सांगतो.

चिंगीने मला काही सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नकोस. गेले सहा दिवस ती तोंडावर हात ठेवून फिरते आहे आणि मला बघितलं की जिना चढते. तिच्या पोटात काय आहे ते मी ओळखलं, कारण ते माझ्या पोटात एकोणतीस वर्षं आहे.

अगं, ज्याचा दात दुखत होता त्या मित्राच्या तोंडात तेव्हाच कवळी होती. मी मान खाली घालून जेवत होतो, पण रुमाल मोजत होतो. पुढच्या हिवाळ्यात तू खिडकीपाशी पळी तापवलीस. मी दारामागे उभा होतो. तुझ्या नाकाच्या शेंड्याला एक बारीक सुरकुती पडली आणि तू म्हणालीस, मांस जून आहे. तेव्हा मला सगळं कळलं. तेव्हापासून मी मांसाकडे बघतच नाही, तुझ्या नाकाकडे बघतो. मांजराबद्दल बोलायचं तर, हाडांसकट आठ किलो मांस घेऊन खिडकीच्या गजांतून जाणारं मांजर मी आदराने मान्य केलं. ते सुद्धा चार वेळा. तू माझी लाज झाकत होतीस, मग मी तुझं मांजर झाकलं.

यंदा मात्र मोठ्या तोंडाने बावीस माणसांना बोलावून बसलो, आणि समोर नाक नाही. तीन जनावरं पाहिली. मला तिन्ही चांगली वाटतात, तिथेच भीती आहे. एकतीस वर्षांत मी एकही फर्मा एका वाचनावर छापायला सोडला नाही. हे कसं सोडू?

म्हणून सोबत गोळ्यांची डबी पाठवतो आहे. तीनदा उकळून धुतली आहे. आत मिठात घोळलेले चरबीचे तीन तुकडे आहेत, वेगवेगळ्या कागदात बांधून क्रमांक घातले आहेत. पळी तापव आणि प्रूफ तपासून परत पाठव. २८ तारखेच्या आत.

बाळाला आशीर्वाद. तुझा लोभ आहे हे मला कधीच विचारावं लागलं नाही, तरी रिवाज म्हणून मागतो.

तुझा,
मुद्रितशोधक


ता. २२ जानेवारी

ती. स्व. मुद्रितशोधक यांस,
सा. न. वि. वि.

डबी मिळाली. पोस्टमनने ती दोन बोटांत धरून आणली. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकटीच हसत बसले. बबडीला वाटलं आजी झाल्याच्या आनंदाने मला काहीतरी झालं. एकोणतीस वर्षं मी चोरून पळी तापवतेय आणि तुम्ही दारामागे! तुम्हाला काही म्हणायची सोय नाही. आणि मांजर होतं बरं का. तुम्ही चष्मा काढलात की यायचं.

काल दुपारी खिडक्या उघडून पळी तापवली. पहिला तुकडा वितळला आणि जावईबापू तडक गॅलरीत गेले, ते संध्याकाळीच आत आले. आतल्या खोलीतून बबडी मात्र विचारते, आई, काय गं छान शिजवतेस? पोरगी अगदी तुमच्या वळणावर गेली आहे. दुसरा तुकडा तापवला, तर स्वच्छ. नुसता रानाचा गंध, तुम्ही म्हणता तसा बदामाचा. तिसऱ्याला माझीच खात्री होईना. पहिल्या वासाने नाक थकलं होतं. कुशीत नात होती. तिने डोळे मिटले, इवलंसं नाक मुडपलं, एक शिंक दिली आणि तोंड माझ्या पदरात खुपसलं. आज सकाळी ताज्या नाकाने पुन्हा हुंगलं. पोरीचं बरोबर होतं.

तेव्हा तपासलेलं प्रूफ असं:
क्र. १ : सगळं खोडावे.
क्र. ३ : नातीने खोडले आहे.
क्र. २ : एकही चूक नाही. छापावे.

झाकणाची कणीक सैल मळू नका. आणि शिंप्यालाही बोलवा, त्याच्या चपलेचं मी वन्संकडून ऐकलंय. लोभ वाढवायची आता गरज नाही, आहे तोच मुरू द्यावा.

तुमची,
मंडळी


ता. १ फेब्रुवारी

प्रिय मंडळी यांस,
स. न. वि. वि.

छापलं. काल दुपारी बावीस माणसं आणि तेविसावा शिंपी जेवले. शिंपी आधी दारात उभा राहून हवा हुंगत होता. मग एक पाय आत, मग दुसरा, आणि एकदा बसला तो तीनदा वाढून घेऊनच उठला. मशीनमनने हाडंसुद्धा चोखून ताटाच्या कडेला ओळीत मांडली. रुमाल कोणीही काढला नाही. मी मोजत होतो.

जेवण झाल्यावर, मी भाषण नको म्हटलं असूनही, मालकांनी ते केलंच. एकतीस वर्षांत कागदावर नाही आणि पातेल्यातही नाही, या माणसाची चूक कधी सापडली नाही, असं म्हणाले. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. तो क्षण मी वर्षभर जपून ठेवत असतो. पण काल तो तसाच खिशात घालवेना. मी उभा राहिलो आणि म्हटलं, पहिलं प्रूफ मी वाचतो, शेवटचं घरात वाचलं जातं. जुळाऱ्याने विचारलं, म्हणजे कसं? मी उत्तर द्यायच्या आत चिंगी उठली. वीस दिवस दाबून धरलेलं तिने एका दमात ओतलं: पळी, खिडकी, डबी, नातीची शिंक आणि मांजर, चारही वेळचं. लोक हसून हसून टेबलावर आडवे झाले. मशीनमनने डोळे पुसत विचारलं की यंदा वहिनींकडे डबी पोचली नसती तर काय केलं असतंत? मी म्हटलं, कोंबडी.

तुझ्यासाठी एक वाटीभर बाजूला ठेवलं होतं. सकाळी पाहतो तर वाटी रिकामी. चिंगी शपथ घेऊन सांगते की मांजर आलं होतं.

आजपासून मला कामावर जायचं नाही. पातेलं घासून पालथं घातलं आहे. बबडी हिंडूफिरू लागली की ये. घाई नाही, पण आहे. आपलं मांजर परत घरी येईपर्यंत मी पातेलं सरळ करणार नाही.

तुझा,
निवृत्त मुद्रितशोधक