रिताले नेऊ देणार नाही

ता. २ सप्टेंबर
मोहाडीजवळून

भोजराज भाऊजी यांस शकुन वहिनीचा नमस्कार.

मी मजेत हाय. तुमचं पोट कसं हाय? दुखते का म्हून नाही विचारून राहिली, अजून किती पुढं आलं ते विचारून राहिली. फोनवर तुम्ही मधातच बोंबलता, म्हून चिठ्ठी. हिच्यात मलेच बोलता येते. गावच्या शाळेतलं अक्षर हाय, वाकडंतिकडं. चष्मा लावा, लाजू नका, म्हातारे झालेच तुम्ही.

यंदा पाणी उशिरा आलं, त्याच्यानं धानाचा रोवणा पंधरा ऑगस्टपर्यंत चालला. सुट्टी म्हून तुमची रिता नाकाडोंगरीहून आली, ती बरोबर शेवटच्या बांधीवर. शेवटल्या दिवशी आमच्या बाया एकमेकीले चिखल फासतात, तुमाले मालूम हाय. मागच्या साली तुमच्या पांढऱ्या शर्टाची मीच वाट लावली होती. किती पळाले तुम्ही!

तसाच मूठभर चिखल घेऊन मी रितावर धावली. म्हणलं, पोरगी पळन, कल्ला करन. पळाली नाही जी. जागच्या जागी उकिडवी बसली, दोन्ही हात डोक्यावर घेतले, अन् म्हणे, "बाबा, नाही सांडणार आता. नाही सांडणार."

मले बाबा म्हणली.

सगळ्या बायायनं हातातला चिखल खाली टाकला.

बोडीच्या पाण्यावर नेऊन मी तिचं अंग धुतलं. पाठीवर पट्ट्याचे वळ. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे. दंडावर विडीचे चटके. "काय झालं गं माय?" म्हणलं, त म्हणे, "पडली." मी म्हणलं, "बरं. भूक लागली का?" पोटभर जेवली, मंग हळूच विचारते, "मोठी माय, मी परत नाही गेली त चालते का?" त्याच्यानंतर सारं आपल्या तोंडानं सांगितलं. मी मधात एक शब्द बोलली नाही. मले चूप बसता येते, हे तुमाले खरं वाटणार नाही.

शेजारची विमलाबाई म्हणे, "घरातली गोष्ट हाय शकुन, बाहेर काहून नेतं?"

मी म्हणलं, "घरात राहून राहून त पोरीची पाठ अशी झाली."

अन् लेकरायच्या मदतीचा नंबर हाय ना, १०९८, त्याले फोन लावला. होय, मीच लावला. रिताच्या शाळेच्या मास्तरनंच लावला समजून त्याले शिव्या देत फिरून राहिले म्हणे तुम्ही. त्या बिचाऱ्याले सोडा, मले द्या. तुमच्या बायकोचं, कुंताचंही यात काही नाही. तिच्या अंगाले बोट लावलं, त पुढचा फोन ठाण्यात जाईन.

भंडाऱ्याहून मॅडम आल्या, रिताशी बोलल्या, डॉक्टरले दाखवलं. चौकशी होईस्तोवर बालकल्याण समितीनं पोरीले माझ्याजवळ ठेवलं हाय.

काल तिच्या हातून वरणाची वाटी सांडली. ती माझ्या हाताकडं पाहत राहिली, जेवण सोडून. मंग मी माझीबी वाटी सांडली. तवा कुठं हासली. दोघी पुसत बसलो.

तुम्ही निरोप धाडला, पोरीले पाठव नाहीतर घर सोड. तुमच्या बापाचं घर हाय, खरं. पण तो माझाबी सासरा होता, अन् या घरात माझ्या नवऱ्याचा हिस्सा हाय. हलणार नाही. कोर्टानं हलवलंच, त पोरीचा हात धरून हलन. एकट्या बाईले भेव दाखवणं सोपं वाटलं का? दाखवून पाहा.

समितीपुढं तारीख लागली की या. रिता बोलन, मी तिच्या बाजूले बसन. तिच्याकडं डोळे वटारून पाहाल, त तिथंच उभी राहून सगळ्यायसमोर सांगन.

भाऊजी, लग्न होऊन आली तवापासून तुमची मस्करी करून राहिली. देवराची मस्करी वहिनी नाही त कोण करन? पण मस्करी आपल्या माणसाची करतात. या चिठ्ठीत केली ती शेवटची.

रिताची मोठी माय,
शकुन