कापडी टोपीची बरणी

३ फेब्रुवारी
तिने चमचा पुढे केला, म्हणाली, "डोळे मीट, मग चाख." तिथंच सगळं बदललं! कॉलेज अर्धवट सोडून या सुपरमार्केटात खोकी उचलतोय, याचं आज पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही. जॅमच्या कंपनीने गिऱ्हाइकांना चव द्यायला ठेवलेली मुलगी; तिचं टेबल माझ्या फळ्यांसमोरच. चेरीचा जॅम — दुकानातला सगळ्यात महाग. बरणीला कापडाची टोपी, वर दोरा. गाठ सैल दिसली की ती स्वतः बांधते.

९ फेब्रुवारी
आज बोलायचंच होतं. बोललो काय? "चमचे संपले का?" गाढव!

१७ फेब्रुवारी
दुकानाचे साहेब तिला म्हणाले, "बरण्या हलत नाहीत. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर टेबल उचला." माझं डोकंच फिरलं. तडक केबिनमध्ये घुसलो. एकावर एक मोफत लावा — खपवून दाखवतो! "कॉलेज धड केलं नाहीस, मला धंदा शिकवतोस?" पण साहेबांनी ऐकलं! सवलतीची पिवळी स्टिकरं मीच चिकटवली, थेट टोप्यांवर. "टोपीवर नको ना रे," एवढंच म्हणाली ती.

२१ फेब्रुवारी
फळी रिकामी! टेबल वाचलं! ती दमून हसली. मी हवेत.

६ मार्च
सवलत संपली. नवा माल, जुना भाव — एक बरणी हलेना. "थांबू की, पुन्हा लागेल स्टिकर," म्हणत एक काका निघून गेले. कुत्र्यावाल्या बाई दर आठवड्याला न चुकता घ्यायच्या. आज तिने चमचा पुढे केला तर म्हणाल्या, "हल्ली ही सगळ्यांच्याच घरी दिसते गं. पाहुण्यांपुढे काय ठेवायची?"
अहो, आतला जॅम तोच आहे! — ओरडलोच मी. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं.

११ मार्च
टेबल गेलं. कंपनीचा माणूस म्हणे, सवलतीच्या मालाला चाखवणारी कशाला? तिने ॲप्रनची नीट घडी घातली. भांडली असती तर बरं झालं असतं. "माझ्यासाठीच केलंस, कळतं मला." हेच जास्त लागलं.

१२ मार्च
ताईने विचारलं, जेवत का नाहीस? तिच्यावरही खेकसलो.

२ एप्रिल
उरलेल्या बरण्या आता गल्ल्याजवळच्या टोपलीत, साबणाशेजारी. खाली बसून स्टिकरं लावत होतो. तिचा आवाज! आईबरोबर आली होती. आईने बरणी उचलली — "तुझीच ना गं ही?" तिने हातात घेतली, सैल दोरा बघितला. वाटलं, गाठ बांधेल.
"नको गं आई. आता नाही घ्यावीशी वाटत."
बरणी परत टोपलीत. मी मान वर केलीच नाही.
त्या गेल्यावर गाठ मी बांधली. माझा ॲप्रन काढून टोपलीवर टाकला. मागच्या दाराने बाहेर पडलो, दार ओढून घेतलं.