यजमानाने बसायचं नसतं

वाल्येवो, २३ मे
(सुरुवात आज. संपेल तेव्हा संपेल.)

तीर्थरूप स्पासेनिया आत्यास,

ग्वोझ्देनचा नमस्कार. वाकून करायचा तो यंदा मनातल्या मनात वाकून केला आहे असं समज, कारण मान एकदा खाली गेली की ती वर आणायला दुसरं माणूस लागतं. तुझा खुबा कसा आहे? काठी घेऊन कोंबड्यांच्या मागे धावतेस असं कळलं. धावू नकोस. कोंबड्या तुझ्याकडे राहतात, म्हणजे जाऊन जाऊन जाणार कुठे? हे पत्र पेन्सिलीने लिहिलं आहे त्याचा राग मानू नकोस. मी उताणा पडून, छातीवर पाट धरून लिहितो आहे आणि पेन उलटं धरलं की चार शब्दांत बंद पडतं. (त्याबाबतीत पेनचं आणि माझं छान जमतं.)

यंदा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू आपल्या कुळाच्या संताच्या सणाला, स्लावाला, आली नाहीस आणि नेमकं यंदाच तुझ्या माहेरच्या घराण्याचं नाक कापलं गेलं. विलोतिये काकांनी तुला कळवलंच असेल की मी पिऊन पडलो. शेजारच्या रादोय्काने कळवलं असेल की मला वारा लागला. आईने काहीच कळवलं नसेल, कारण ती सतरा दिवस माझ्याशीसुद्धा मोजकंच बोलते आहे. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐक.

तीन वर्षांपूर्वी मला ताप आला होता ते तुला आठवतं. ताप गेला, थकवा राहिला. पाहुणा म्हणून आला आणि भाडं न देता घरच बळकावून बसला. बावीस वर्षं घड्याळांवर वाकून मान आधीच कामातून गेली होती. आता ही दोघं माझ्या अंगात एका स्वयंपाकघरातल्या जावांसारख्या नांदतात. थकवा म्हणतो आडवा हो, आडवा झालो की मान म्हणते उठ. मानेसाठी व्यायाम सांगितलेत, ते केले की थकवा तीन दिवस उठू देत नाही, आणि तीन दिवस झोपून काढले की मान लाकूड होते. घरात सध्या सात उशा आहेत. एक गव्हाच्या कोंड्याची, एक आजीच्या वेळच्या पिसांची, एकीला मधोमध भोक आहे (ते कशासाठी ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं). सातही वाईट आहेत.

गावातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सगळं उत्तम आहे असं सांगितलं आणि आईने ती आनंदाची बातमी चारही मजल्यांवर पोचवली. तेव्हापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्याकडे संपावर गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. पुढे नोवी सादच्या एका डॉक्टरीणबाईंनी 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' असं नाव कागदावर लिहून दिलं आणि बजावलं, अंगात असेल त्याहून जास्त खर्च करू नका, नाहीतर पुढचे कित्येक दिवस भोगाल. मी तो कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, "थकवा हा काय रोग आहे? मग मला एकोणचाळीस साली जन्मल्यापासून तो झालाय." कागद फ्रीजवर लावला. त्याच्यावर आता विजेचं बिल लावलेलं आहे.

तर स्लावा. तुला मी काय सांगू, पण राग आला आहे म्हणून सांगतोच. ज्या सणाला कुणाला बोलवायचंच नसतं, लोक आपण होऊन येतात, तिथे येऊ नका कसं म्हणायचं? एकदा आलेला माणूस दरवर्षी येतो आणि मेला तर त्याचा मुलगा येतो. वर यजमानाने बसायचं नाही. पाहुणे बसणार, खाणार, आणि मी सकाळी भटजींपासून शेवटच्या भुकेल्यापर्यंत दारात उभा राहून गोड गव्हाची वाटी पुढे करणार. बाबा दोन-दोन दिवस उभे राहायचे, हे मला मार्चपासून रोज ऐकवलं जात होतं. मी वीस मिनिटं उभा राहू शकतो. तीही एकवीस झाली की डोकं मानेवर ठेवलेल्या कलिंगडासारखं लागतं.

म्हणून मी डोकं चालवलं (तेवढं अजून चालतं). दुकानातलं माझं उंच स्टूल आणून दाराशी ठेवलं, बाबांचा पोटरीपर्यंतचा काळा कोट अंगात घातला आणि कोट स्टुलावर पसरून टेकलो. दिसायला उभा, असायला बसलेला. गळ्यात स्पंजचा पट्टा होता, त्यावर टाय बांधला. भटजी आले, पाव फिरवताना आम्ही सगळ्यांनी हात लावला, कुणाला काही कळलं नाही. तेवीस पाहुणे झाले. उलट रादोय्का म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की कसा उभा राहतो." मला तिला वाटीतला चमचा फेकून मारावासा वाटला, पण हात वर जात नव्हता.

मग तुझे चुलतभाऊ विलोतिये काका पेला घेऊन उठले. बाबांच्या नावाने पेला टेबलाच्या टोकाशी, यजमानाबरोबर घ्यायचा, असा त्यांचा हट्ट. मी दारातूनच पेला उंचावला. ते म्हणाले, "इकडे ये की, तिथे काय खिळलायस?" मी म्हटलं इथूनच बरा आहे. त्यांनी प्रेमाने येऊन मला दंडाला धरून ओढलं. मी आलो. माझ्या मागून कोटात अडकलेलं स्टूलही आलं. तेवीस माणसांनी ते पाहिलं आणि आपल्या घरात, आत्या, पहिल्यांदाच पाहुण्यांनी खाणं थांबवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात भाजलेल्या कोकराचं ताट घेऊन उभी होती. ती काकांना एवढंच म्हणाली, "याचा बाप न्यूमोनियात उभा होता." मग ताट ठेवून आत गेली.

त्यानंतर मी खरोखरच उभा राहिलो. रागाने. मे महिना, चौथा मजला, ओव्हन सकाळपासून चालू, आणि माझ्या मानेला आरपार वारा लागू नये म्हणून रादोय्काने एकूण एक खिडकी बंद केलेली. आपल्याकडे थोडे लोक म्हातारपणाने मरतात आणि बाकीचे सगळे वाऱ्याने, हे तर तू जाणतेसच. अर्ध्या तासात मी खाली.

शुद्धीवर आलो तेव्हा मानेवर राकिया दारूत भिजवलेला फडका होता, त्यावर कोबीचं पान होतं, आणि तिघं जण माझ्या अंगावरून हात लांब करून वारा नेमका कुठून आला यावर भांडत होते. खिडकी उघडायची कल्पना कुणालाही सुचली नाही. शेवटी काकांना गॅलरीच्या दाराचं किल्लीचं भोक सापडलं. त्यांनी ते सणाच्या पावाच्या तुकड्याने बुजवलं, आणि सगळे समाधानाने जेवायला बसले.

पुढचे अकरा दिवस मला दात घासायचा ब्रश जड लागत होता. आई सूप आणून ठेवायची आणि दार ओढून जायची. मी सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण एके दुपारी उशीत तोंड खुपसून रडलो. आजारी असल्याचं नव्हे. माझी आई मला आळशी समजते, याचं.

असो. आता पुष्कळ बरं आहे, काळजी नसावी. खुब्याला जप.

तुझा,
ग्वोझ्देन

ता. क. एक काम होतं. आई माझं, डॉक्टरीणबाईंचं, भटजींचं कुणाचंही ऐकत नाही, फक्त तुला घाबरते. तिला फोन करून सांग की पुढच्या वर्षी मेणबत्ती, पाव, गहू आणि वाईन, बस. देवाला तेवढंच लागतं, असं भटजींनीच मला हळूच सांगितलं आहे. अर्धा तास. आणि मी बसणार.

ता. क. २. हे वाचून माझी शुश्रूषा करायला तू पुढच्या स्लावाला सहा दिवस आधी यायचं ठरवशील, तर तूही येऊ नकोस. हे लिहायला मला तीन दिवस लागले. तू आलीस की तुझ्यामागून सगळे येतात.

ता. क. ३. पुढच्या वर्षी सात मेला ये. स्लावाच्या दुसऱ्या दिवशी. मी आडवा असेन. कोंबडी, मलम, सल्ला, काही आणू नकोस, नुसती पलंगाच्या कडेवर बस. यंदा स्लावाच्या संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, "थकलायस का रे?" तीन वर्षांत असं विचारणारी तू पहिली. मी जमिनीवर पडून होतो, वर माणसं बसली होती, मी म्हटलं, छे गं, मस्त चाललंय.

थकलोय गं आत्या.