आई, आज गाडी काढू नकोस

आई,

आधी हे वाच, मग ओरड. गाडीला हात लावू नकोस!

रोज तुझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर पाठभर चिखल उडतो आणि वॉर्डात सगळ्यांसमोर मेट्रन टोमणे मारतात, म्हणून मी मागच्या चाकाला बिलगून बसणारा मडगार्ड आणला. त्याला हगर म्हणतात. दुकानदारकाका म्हणाले, "प्लास्टिकचा घे गं, वेळेला वाकतो तरी." मी ऐटीत म्हटलं, "काका, टिकाऊच द्या. आमच्या घरात आता काही मोडायचं नाहीये."

जाड पत्र्याचा घेतला आणि सकाळी एकटीने बसवला. स्टँडवर चाक भिंगरीसारखं फिरलं, मी तर नाचलेच! मग सीटवर बसले. गाडी खाली दबली, हगर वर सीटच्या तळाला आपटून तिरका झाला आणि चाकच जाम! काढायला गेले तर बोल्टचं डोकं झिजलं. पाना नुसताच गोल फिरतोय.

नेमकी आजच तुझी इन्चार्ज म्हणून पहिली ड्युटी. माझी शाळेची बस खाली हॉर्न देतेय. डबा भरलाय. तू आठची बस पकड, प्लीज.

बाबांना तीनदा फोन केला. गाडी त्यांचीच होती ना, वाटलं, निदान तिच्यासाठी तरी उचलतील.

तुझी मेकॅनिक