आलेख वाचल्यानंतर

मंचर, १२ जानेवारी २०२४

ती. सोपानमामांना हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून विषय संपवता, म्हणून लिहितेय. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात माझ्या पीएच.डी.चं मॉडेल अखेर उभं राहिलं. नारायणगावच्या बाजारातली बारा वर्षांची टोमॅटोची आवक आणि भाव त्यात आहेत. एका वर्षीचा चढा भाव पुढची लागवड फुगवतो, ती लागवड भाव पाडते. हे चक्र समीकरणांत बसवलंय. यंदा जूनमध्ये भाव कोसळेल, असं ते सांगतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, निम्माच टोमॅटो लावा. आलेख सोबत जोडलाय. मामी हसेल, पण चार वर्षं यातच गेली, डोळे दुखतात.

आशीर्वाद असू द्या, बाकी काही मागत नाही.

तुमची
हर्षाली

राजुरी, ८ जून २०२४

चि. हर्षालीस मामाचा आशीर्वाद.

तुझा आलेख मी गावच्या ग्रुपवर टाकला व्हता. तिथून तो पार आंबेगावात फिरला. लोकांनी टोमॅटो सोडून दुसरं लावलं. संपतच्या रोपवाटिकेतली रोपं कुणी उचलली न्हाईत. त्यानं ती बांधावर फेकली. आता बाजारात मालच कमी, भाव लई चढलाय, अन् आमच्याकडं विकायला काय न्हाई. संपत चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, पण मी पारावर बसलो की उठून जातो. बाकीचे तोंडावर काय बोलत न्हाईत, त्याचाच शीण येतो.

रागावून लिवत न्हाई. एकच इचारतो. हा कागद लोक वाचतील अन् मन बदलतील, हे तुझ्या गणितात धरलं व्हतं का?

डोळ्यांना जप. माया हाय तशीच हाय.

सोपानमामा

मंचर, १७ जून २०२४

ती. मामांना शि. सा. न.

धरलं नव्हतं. तुमचा प्रश्न मी गाइडना वाचून दाखवला. ते म्हणाले, हे वर्ष अपवाद म्हणून वगळ आणि प्रबंध देऊन टाक. इतकी थकलेय की हो म्हणणार होते. पण वर्ष वगळलं तर संपतकाकांची रोपंही वगळली जातात. प्रबंधातलं भाकिताचं प्रकरण नव्यानं लिहिणार. आणखी एक वर्ष जाईल.

काल तुम्हाला न कळवता राजुरीला येऊन गेले. रोपवाटिकेत रिकाम्या ट्रेंची थप्पी होती. चूक माझी, मामांची नाही, एवढंच संपतकाका आणि सोनीबाईकाकूंना सांगितलं. काकूंनी बसायला पोतं टाकलं. काका बराच वेळ ट्रे पुसत राहिले. मग, पुढच्या साली लोक काय लावतील, असं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

“तवा बी एवढंच लिवायचं व्हतं,” ते म्हणाले.

तुमच्यासमोर यायचं धाडस मात्र झालं नाही. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी कुणी ठेवली, असं मामी विचारत असेल, तर ती मी ठेवली, संपतकाकांनी तुमच्यासाठी दिलेली.

रागवा, पण दुरावू नका.

हर्षाली