पंपाची चार चित्रं

दि. ९ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा सुधारलाय; जिना चढता चढता ती मला नावं ठेवते, म्हणजे तब्येत उत्तम. सात महिन्यांत तू मला ओळ लिहिली नाहीस, त्यामुळे तुझी खुशाली तिच्याकडूनच कळते.

दम्याच्या पंपावरची आपली पुस्तिका लोक कशी वापरतात ते बघायला काल दवाखान्यात गेलो होतो. बाकावर एक शिंपीणबाई होत्या. माझी तीन पानं त्यांनी कोरी असल्यासारखी उलटली आणि शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे तुझी चारही चित्रं मी टपाल तिकिटाएवढी करून कोंबली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाशी नेलं आणि पंप अगदी बरोबर ओढला.

"आधीची पानं वाचली नाहीत?" मी विचारलं.

"धाप लागलेली असताना एवढं कोण वाचतं? ज्यानं लिहिलं त्याला कधी लागली नसेल."

"मावशी, हेच ते," परिचारिका म्हणाली.

"बरं झालं भेटलात. चित्रं मोठी करा."

परिचारिकेने ती आधीच झेरॉक्सवर मोठी करून भिंतीला लावली होती.

मी सहा पुस्तकं वाचून लिहिलं. तू अकरा दिवस रोज सकाळी त्या बाकावर बसलीस. लोक आधी पंप दाबतात, मग श्वास घेतात आणि औषध जिभेवरच राहतं, हे तू टिपलंस. तोंडातून छातीपर्यंतची औषधाची वाट ठिपक्यांनी दाखवलीस. मला हे जन्मात सुचलं नसतं.

आता खरं सांगतो. संपादकांनी विचारलं होतं, "लोकांची ही चूक कुणी हेरली?" मी म्हणालो, "मी." तुझं नाव नजरचुकीने राहिलं, असं तुला सांगितलं. ते राहिलं नव्हतं, मी दिलंच नव्हतं.

दुसरी आवृत्ती निघतेय. संपादकांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला विचारलंत का?"

माझी तीन पानं काढलीत. एका पानावर एक चित्र, खाली माझी एक ओळ. मुखपृष्ठावर आधी तुझं नाव. तू लेखी होकार दिल्याशिवाय छापायचं नाही, असं ठरलंय. माझ्यासाठी हो म्हणू नकोस. बाकावरच्या माणसांसाठी म्हण.

त्या चार ओळी सोबत आहेत. चित्राला ज्या नको असतील त्या खोडून टाक.

अजून म्हणत असशील तर,
तुझा दादा