आरू आता अडखळत न्हाई

४ जुलै
कच्छ. वारा लई. सोलरच्या प्लेटा उचलून खांदा गेला. सुपरवायझरसंगं पुन्हा वाजलं. म्हणलो, सोडतो काम. कुणी थांब म्हणलं न्हाई, जा पण म्हणलं न्हाई.
संध्याकाळी टाकीपाशी रेंज आली तर घरून बायकोचा, रेखाचा फोन. आरूच्या शाळंतल्या बाई नांदेडहून ट्रेनिंग करून आल्यात. पोरांनी रोज घरी कुणाला तरी वाचून दाखवायचं म्हणं. "मला खुरपण हाय, तुमच्या आईला दिसत न्हाई. बाप तुम्हीच, तुम्हीच ऐका."
मी नववी नापास. मी काय ऐकू? तर बाई म्हणल्या म्हणं, ऐकणाऱ्याला येत नसलं तरी चालतं. फक्त मधी बोलायचं न्हाई.
तिसरीत गेली पोरगी. अजून नाव सोडून काही वाचता...

८ जुलै
आरूनं वाचून दाखवलं. "को... कों... ब..." मधी इतका वेळ गेला की वाटलं रेंज गेली. मग एकदम, "पप्पा, कोंबडा!" जसा काय तिनंच धरला.
"चित्र बघितलंस का गं?"
"न्हाई. बोटानं झाकलं हुतं. बाई झाकायला लावतात."
आमच्या वक्ताला गुरुजी म्हणायचे अन् आम्ही सगळे त्यांच्या मागं. पुस्तक उलटं धरलं तरी चालायचं.

२ ऑगस्ट
रोज ऐकून राहिलो. काल फाट्यावर एसटीची पाटी वाचत बसली. रेखा हसून हसून बेजार. "बिलोलीची गाडी गेली निघून, तुमच्या लेकीचं अजून 'बिलो' चालूच!"
काम सोडायचं राहून गेलं. दुसरीकडं गेलो अन् रेंजच नसली तर?

२१ ऑगस्ट
बाईंचा वर्ग बघायला साहेब लोक आले. आरूला उठवलं. अडखळतच वाचलं, पण साहेब थांबले म्हणं शेवटपर्यंत. बाईंचं लई कौतुक.

३ सप्टें.
बाईंना लातूरकडं नेलं. निलंग्याच्या मास्तर लोकांना शिकवायला. चांगलं शिकवतात म्हणून. म्हणून!
शाळंत आता एकटे सर. सगळे वर्ग एका खोलीत.
बाईंना फोन लावला. "दादा, माझाही जीव तिथंच आहे. पण ऑर्डर आहे. अन् इथले शिक्षक शिकले तर किती मुलं वाचतील, सांगा."
परत कवा? सांगता येत नाही म्हणल्या.
भांडायचं म्हणून फोन केला होता. तिकडची पोरं पण कुणाची तरी हायेतच की.

१९ सप्टें.
रेखा खुशीत. "ऐका तर खरं, कशी घडाघडा वाचती आता!" आरूनं अख्खा धडा एका दमात घेतला. मागून आई, "बालिस्टर झाली गं माझी बाय!"
मी म्हणलो, शाब्बास. आता खालून दुसरी ओळ वाच.
"पप्पा, पहिल्यापासून म्हणू का?"
'म्हणू' म्हणली पोरगी, 'वाचू' न्हाई.

२० सप्टें.
रेखाला सांगायला गेलो, तर तीच तापली. "अडखळत हुती तवा खूश, आता बिनचूक वाचती तर तोंड पाडता! तुमचा पाय कशात टिकलाय का कवा?" तिला काय सांगू? पोरगी पाठ म्हणून राहिली, हे फोनातून कसं दाखवू?
सरांना लावला. मागं सगळ्या पोरांचा गलका, एकच धडा एका सुरात. "मी एकला माणूस, कुणाकुणाचं ऐकू? तुम्ही या की गावाकडं, शिकवा लेकीला."
तेबी खरं. पण गेलो तरी मला काय येतं? गुरुजींच्या मागं म्हणणं. तेवढंच.

५ ऑक्टो.
बाईंनी व्हिडिओ धाडला. मास्तर लोक पोरांसारखे खाली बसलेत. बाई सांगतात, "माझ्या वर्गात एक मुलगी चित्र झाकून 'कोंबडा' वाचते. ती थांबली की आपण थांबायचं." सगळ्यांनी टाळ्या.
दोनदा बघितला. बाईंना लिहायला घेतलं, आरू आता... खोडलं. "छान" धाडलं.

६ ऑक्टो.
आरूला म्हणलो, सरांनी अजून घेतलं नसंल ते पान काढ.
"चुकलं तर?"
"चुकू दे."
"अडखळलं की सर खाली बसवतात, पप्पा. दुसऱ्याला उठवतात."
"मी कुठं बसवतो? माझ्यापाशी अडखळ."
पान उलटल्याचा आवाज आला. "वि..."
मग काहीच न्हाई. इकडं सुपरवायझर हाका मारून राहिला, मुक्कामाला जायची गाडी भरली म्हणून. रेंज गेली का तीच थांबली, कळंना. विचारावं वाटलं. गाडी गेली निघून.
मी बोललो न्हाई.